गच्चीवरची छत्री, मागच्या खोलीतला लॅपटॉप : प्रकल्प नोंदी

१८ मे

काम काय आहे ते आधी नीट लिहून ठेवते. नाशिकला जेलरोडच्या आमच्या रो-हाऊसमध्ये टीव्ही पुढच्या हॉलमध्ये आणि अण्णा मागच्या खोलीत. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुढचे काही महिने त्यांना फारशी उठबस करायची नाही. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळच्या ७ च्या सह्याद्रीच्या बातम्या त्यांनी क्वचितच चुकवल्या असतील. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, माझा जुना लॅपटॉप कपाटात पडून आहे. छत्रीवर जे येतं ते या लॅपटॉपवर दिसायला हवं. पलंगाभोवती वॉकर फिरतो, त्यामुळे त्या खोलीत एकही नवी वायर नको.

आणखी एक अट माझी स्वतःची: यात इंटरनेट लागता कामा नये. मोबाइलवर ॲप आहेत हे मला माहीत आहे. पण जे आभाळातून थेट आपल्या गच्चीवर उतरतंय, ते वीस पावलांवरच्या खोलीत न्यायला बाहेरच्या लाइनची मिनतवारी का करायची? जेलरोडला पावसाळ्यात लाइट जाते, लाइट गेली की नेटही जातं, आणि बातम्या नेमक्या तेव्हाच हव्या असतात.

२० मे

रस्ते तीन दिसतात.

सगळे पहिल्यांदा सुचवतात तो रस्ता: सेट-टॉप बॉक्समधून बाहेर पडणारं चित्र कॅप्चर कार्डाने पकडायचं, पुन्हा व्हिडिओ बनवायचा आणि वाय-फायवरून पाठवायचा. मला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. उपग्रहावरून येतं ते आधीच दाबून बसवलेलं डिजिटल चित्र असतं. बॉक्स ते उलगडतो, आपण ते पुन्हा दाबतो, लॅपटॉप पुन्हा उलगडतो. प्रत्येक फेरीत चित्र थोडं मळतं आणि काही सेकंद उशीर होतो. शिवाय हॉलमध्ये आई जे चॅनेल लावेल तेच अण्णांना बघावं लागणार.

दुसरा रस्ता लॅपटॉपलाच यूएसबी ट्यूनर, म्हणजे छत्रीच्या सिग्नलमधून हवी ती फ्रिक्वेन्सी पकडणारा डबा, लावण्याचा. पण मग छत्रीची केबल पलंगापर्यंत आली.

तिसरा माझ्या मनात बसलाय. ट्यूनर केबल उतरते तिथेच ठेवायचा, त्याला एक छोटा संगणक जोडायचा आणि आलेला डेटा जसाच्या तसा, न उलगडता, घरच्या नेटवर्कवर सोडायचा. उलगडण्याचं काम एकदाच व्हावं, तेही ज्या पडद्यावर बघायचं तिथेच. युरोपात याच कल्पनेवर सॅट-आयपी नावाचा प्रोटोकॉल २०१२ मध्ये आला, एसईएस ही उपग्रह कंपनी त्यामागे होती. तसा तयार डबा घेण्यापेक्षा घरी पडून असलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') वापरणार आहे. त्यावर टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्रॅम चालतो आणि तो नेमकं हेच करतो.

फ्री डिशच का, हेही नोंदवून ठेवते. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल कुलूपबंद असतात, त्यांची किल्ली त्या कंपनीच्या बॉक्समध्ये आणि कार्डात. ते कुलूप खोलण्याच्या वाटेला मला जायचं नाही. फ्री डिशवरही काही चॅनेल अधिकृत बॉक्स मागतात, ते हॉलमध्ये बघू. बाकीचे उघडे आहेत. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली, तेव्हापासून ती बिनपैशांचीच आहे.

२४ मे

एमजी रोडला जाऊन ट्विन एलएनबी (छत्रीसमोर बसून सिग्नल गोळा करणारा भाग), छत्रीची आरजी-६ केबल आणि तिच्या टोकांना लावायचे एफ कनेक्टर आणले. ट्यूनर ऑनलाइन मागवला होता, तो काल आला.

दुकानदार म्हणाले, "ताई, एवढं कशाला? एका केबलला स्प्लिटर मारा, स्वस्तात काम होईल." नको म्हटलं. एलएनबीला कुठलं पोलरायझेशन, म्हणजे उभ्या लहरी की आडव्या, घ्यायचं ते केबलमधल्या व्होल्टेजवरून कळतं: १३ व्होल्ट आले तर उभं, १८ आले तर आडवं. वरच्या पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सीसाठी त्याच वायरीतून २२ किलोहर्ट्झचा टोनही जातो. एका एलएनबीवर दोन मालक बसवले आणि दोघांनी वेगळं मागितलं की एकाचा चॅनेल गेला. ट्विनमध्ये दोन स्वतंत्र तोंडं असतात. एक आईच्या बॉक्सला, एक माझ्या ट्यूनरला, कुणी कुणाला विचारायला नको.

ट्यूनर घेताना त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे ना, एवढं मात्र बघावंच. एलएनबीला लागणारी वीज केबलमधूनच वर जाते आणि ती नुसत्या यूएसबीतून पुरवणं जड जातं.

२६ मे

गच्चीवर सकाळी ७ लाच गेले, नंतर फरशी तापते.

उपग्रह जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने गेला. विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो उभा आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर, ७३.८ अंश पूर्व. गणित केलं तर आमच्या गच्चीवरून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर येतो. नाशिकला होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोबाइलचा कंपास चालून जातो. फक्त लोखंडी रेलिंगपासून दूर उभं राहायचं.

छत्रीकडे बघून मात्र ती ५७ अंशांवर बघतेय असं कुणालाच वाटणार नाही. ऑफसेट प्रकारच्या छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पत्रा वीस-पंचवीस अंशांनी जास्त उभा दिसतो. तिच्या समोर पाण्याची टाकी आहे म्हणून सिग्नल अडत असेल, ही आईची शंका. टाकी दिसते समोर, पण नजरेची खरी रेषा टाकीच्या बरीच वरून जाते. काठी धरून दाखवलं, तेव्हा तिला पटलं.

एफ कनेक्टर जोडणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. बाहेरचं काळं आवरण सोलताना जाळीचा एकही केस मधल्या तांब्याच्या तारेला शिवता कामा नये. जाळी मागे उलटवायची, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या कडेला टेकेपर्यंत ढकलायचं, आणि तांब्याची तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्यायची. आखूड राहिली तर आत पोचत नाही, लांब राहिली तर ट्यूनरची खाच ताणते. वरून रबरी टोपी आणि टेप. जुन्या जोडणीची टेप सोडवली तेव्हा आतली जाळी हिरवी पडली होती. गेल्या पावसाळ्यात हॉलमधलं चित्र का तुटायचं ते कळलं.

फाइंडर, म्हणजे सिग्नल मोजणारं यंत्र, लावून छत्री अंशाअंशाने हलवली. स्ट्रेंथचा आकडा कुठेही चांगला दिसतो, फसायचं नाही, क्वालिटी बघायची. नट आवळताना छत्री पुन्हा थोडी सरकतेच, म्हणून आवळत असतानाही नजर फाइंडरवर ठेवली.

२८ मे

केबल जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उतरवली. पाय, ट्यूनर आणि राउटर तिघंही तिथेच. टीव्हीहेडएंडला ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभं), सिम्बॉल रेट (सिग्नल किती वेगाने बदलतो तो आकडा) २९५०० हे सांगितलं. एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतून आपल्या ऑसिलेटरची ९७५० वजा करतो, म्हणजे केबलमधून खाली येताना तेच १३४० मेगाहर्ट्झ होतं. आभाळातली फ्रिक्वेन्सी एवढ्या लांब केबलमध्ये टिकलीच नसती, म्हणून ती छत्रीवरच खाली उतरवतात.

लॉक लागला, म्हणजे ट्यूनरला सिग्नल सापडला. सिग्नल-नॉइज, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो ११.८ डेसिबल. दुरुस्त न झालेले ब्लॉक शून्य.

बाकीच्या फ्रिक्वेन्सी भरून स्कॅन लावला. यादी वाढत गेली आणि त्यात सह्याद्री आलं. अण्णांना ओरडून सांगितलं.

१ जून

आज पायमधून बाहेर काय जातं ते उघडून बघितलं. हे बघण्यातच मला खरा आनंद आहे.

उपग्रहावरून येणारा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांचा असतो. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, ७१. वाट चुकलेल्या ट्यूनरला दर १८८ बाइटनंतर ७१ दिसला की तो पुन्हा ठिकाणावर येतो. अशी सात पाकिटं एकत्र केली की १३१६ बाइट होतात, आणि घरच्या नेटवर्कच्या १५०० बाइटच्या मर्यादेत ती आरामात मावतात. आठवं घातलं तर मावत नाही. म्हणून जगभर हे प्रवाह सात-सातच्या गठ्ठ्यांनीच पाठवतात.

दुसरं म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर वीसेक चॅनेल एकत्र बांधून येतात. सिम्बॉल रेट २९५००, क्यूपीएसके (दर सिम्बॉलला दोन बिट) आणि तीन-चतुर्थांश कोडिंग (चारातले तीन बिट कामाचे, एक चुका सुधारायला) धरलं तर सगळ्यांचे मिळून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट. ट्यूनर एकच असला तरी तो अख्खा गठ्ठा उचलतो, त्यामुळे त्याच गठ्ठ्यातले दोन चॅनेल दोन वेगवेगळ्या पडद्यांवर एकाच वेळी चालतात. वहिनींच्या मोबाइलवर एक, लॅपटॉपवर दुसरा, असं चालवून बघितलं. पायचा प्रोसेसर जेमतेम हलला. न उलगडता पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. टीव्हीहेडएंडमध्ये या पद्धतीला 'पास' प्रोफाइल म्हणतात, तेच निवडून ठेवलंय.

५ जून

आता वाय-फाय. खरी परीक्षा इथेच.

मल्टिकास्ट तपासायचं ठरवलं होतं, कारण कागदावर ते सुंदर दिसतं: एकदाच पाठवा, घरातल्या सगळ्यांनी ऐकावं. डीव्हीब्लास्ट हा प्रोग्रॅम लावून वायरवर चालवलं तर चित्र स्वच्छ. तेच वाय-फायवर लॅपटॉपने घेतलं आणि पडद्याचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटक.

कारण वाय-फायच्या नियमांतच आहे. एका उपकरणाला पाठवलेल्या पाकिटाची पोच येते, पोच आली नाही तर राउटर ते पुन्हा पाठवतो. मल्टिकास्टमध्ये पोच कुणाकडून घ्यायची? म्हणून पोच नाही आणि पुन्हा पाठवणंही नाही. त्यातून, दूरच्यातल्या दूरच्यालाही ऐकू जावं म्हणून राउटर ते सगळ्यात संथ वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग सेकंदाला १ मेगाबिट इतका खाली असू शकतो. चॅनेलला दोन-तीन मेगाबिट लागतात. ते मावणार कुठून?

तेव्हा सरळ एचटीटीपी, वेबपानं येतात तीच पद्धत. टीव्हीहेडएंडच्या ९९८१ पोर्टवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने मागायचं आणि लॅपटॉपला वेगळा प्रवाह मिळायचा. एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं. व्हीएलसीचं नेटवर्क कॅशिंग, म्हणजे चित्र आधी साठवून ठेवायचा वेळ, १००० मिलिसेकंदांवरून ३००० वर नेलं. बातम्या हॉलपेक्षा थोड्या उशिरा येतात, पण सलग येतात.

७ जून

तरीही अधूनमधून चित्र अडखळत होतं. दोष गच्चीचा की हवेचा, हे अंदाजाने ठरवायला नको. त्या १८८ बाइटच्या प्रत्येक पाकिटावर शून्य ते पंधरा असा फिरता क्रमांक असतो. पाचनंतर एकदम आठ आला तर मधली दोन गेली. टीव्हीहेडएंड या गळतीचा हिशेब ठेवतो. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी आकडा शून्य. म्हणजे छत्री ते पाय सगळं चोख आहे, गळती जिन्यापासून पलंगापर्यंतच्या हवेत होतेय.

ज्यांच्याकडे असं काही बसवायचंय त्यांनी हे आधी बघावं. नाहीतर छत्री हलवत बसाल आणि चांगली लागलेली छत्री बिघडवाल.

१० जून

जिन्यापासून मागच्या खोलीपर्यंत मध्ये स्वयंपाकघर आहे: फ्रीज, स्टीलची मांडणी, नऊ इंची भिंत. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे इतके राउटर दिसतात की मोकळी जागा नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. तिथे गर्दी नाही, पण ती लहर भिंतीला लवकर हार मानते. राउटर टप्प्यावरच्या कोनाड्यातून काढून दोन फूट वर, पॅसेजच्या दरवाजाच्या रेषेत टांगला. आता लहर भिंतीतून न जाता पॅसेजमधून जाते. अडखळणं थांबलं.

पाय राउटरला वायरनेच जोडलेला आहे. तोही वाय-फायवर ठेवला असता तर प्रत्येक पाकीट त्याच हवेतून दोनदा गेलं असतं.

१२ जून

पळत्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसत होते. दूरदर्शनचं चित्र इंटरलेस्ड असतं, आधी विषम ओळी, मग सम. लॅपटॉपचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो. व्हीएलसीत डिइंटरलेस चालू करून पद्धत 'याडिफ' ठेवली. दात गेले.

१६ जून

अण्णांच्या हातात दिलं. यादीत त्यांना हवे तेवढेच चॅनेल ठेवले, डेस्कटॉपवर एकच मोठा आयकॉन, माउसऐवजी जुना वायरलेस कीबोर्ड मांडीवर.

"नेट किती जळतं गं याला?"

"अजिबात नाही अण्णा. ही बघा, बाहेरची लाइन काढली."

राउटरमागची फायबरची वायर खरंच काढून दाखवली. निवेदिका बोलतच राहिली. अण्णा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "मुंबई केंद्र सुरू झालं ते १९७२ साली, २ ऑक्टोबरला. तेव्हा नाशिकला दिसायचंही नाही." वायर परत लावली, वहिनींचं ऑनलाइन काम चालू होतं.

१४ जुलै

पावसाची नोंद ठेवतेय, टीव्हीहेडएंडमधला डेसिबलचा आकडा आणि खिडकीबाहेरचा पाऊस शेजारी शेजारी लिहून. रिमझिमीत ११ च्या खाली फारसा जात नाही. जोराची सर आली की ७, आणि ६ च्या आसपास चित्र फुटतं.

यात एक गोष्ट फार छान उलगडली. आपली नजर आग्नेयेला ५७ अंश वर. पावसाळ्यात साधारण पाच किलोमीटर उंचीच्या वर थेंबांऐवजी बर्फ असतो, आणि बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. पाच किलोमीटर उंची गाठेपर्यंत आपली रेषा जमिनीवरच्या मोजमापाने आग्नेयेला जेमतेम सव्वातीन किलोमीटर सरकते. म्हणजे जवळच्या चेहेडीच्या अलीकडेच सगळा खेळ आटोपतो. सिन्नरकडे आभाळ काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि पाऊस आपल्याकडे त्र्यंबकच्या बाजूने, पश्चिमेकडून येतो. तो आधी घरावर पडतो, मग आग्नेयेला सरकतो. म्हणून अंगणात ऊन पडलं तरी चित्र आणखी काही मिनिटं फुटकंच राहतं: सर अजून रेषेत असते. मे महिन्यातला पूर्वेकडून आलेला वळीव असेल तर उलट, पहिला थेंब पडायच्या आधीच चित्र जाईल. आता चित्र गेलं की अण्णा विचारतात, "सर कुठवर गेली असेल?"

४ ऑगस्ट

दिवसभर संततधार. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवला, गोदाघाटावर पाणी चढलं. संध्याकाळी लाइट गेली, पाठोपाठ नेट. हॉलमधला टीव्ही इन्व्हर्टरवर नाही. पाय, ट्यूनर आणि राउटर आहेत, लॅपटॉपला त्याची बॅटरी. सगळं घर मागच्या खोलीत गोळा झालं.

घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय, हा नाशिककरांचा पुराचा मापदंड. पंचवटीत मावशी राहते, त्यामुळे आईचा जीव टांगणीला. बातम्या लागल्या, निम्म्यात चित्र फुटलं, आवाज तेवढा तुकड्यातुकड्यांनी आला, आणि सर ओसरल्यावर शेवटची काही मिनिटं पूर्ण दिसली. मावशीचा फोन त्यानंतर लागला, ती वरच्या मजल्यावर सुखरूप होती.

आजच्यासारख्या दिवशी फुटणारं चित्र मला चालणार नाही. छत्री ६० सेंटीमीटरची आहे. ९० ची लावली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे साडेतीन डेसिबलची जमा. ढगफुटीला तीही पुरणार नाही, पण मोठ्या सरीला पुरेल.

७ सप्टेंबर

डिशवाले काका आणि मी मिळून ९० सेंटीमीटरची छत्री चढवली. मोठ्या छत्रीची नजर अरुंद असते, त्यामुळे एका अंशाची चूकही भोवते. जुन्या मापावर समाधान न मानता काकांनी चारही बोल्ट पुन्हा सैल करून लावले. कोरड्या आभाळात १५ डेसिबल. खांबाला चार बाजूंनी तार ओढलीय, एवढा पत्रा वारा धरतो.

१ ऑक्टोबर

सकाळी ११ ला दहा मिनिटं कमी असताना आभाळ निरभ्र, आणि चित्र गेलं. काही मिनिटांनी आपोआप आलं. याचीच वाट बघत होते. या दिवसांत सूर्य आमच्या गच्चीवरून बघितलं तर नेमका उपग्रहाच्या मागे येतो, आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटापुढे उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. वर जाऊन बघितलं. छत्रीने परतवलेला उजेड थेट एलएनबीच्या टोपीवर एकवटला होता. छत्री नीट लागल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. आणखी दोन-तीन दिवस असंच होईल, मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. आईला आणि वहिनींना सांगून ठेवलं, नाहीतर कुणीतरी छत्री हलवायला वर जाईल.

अण्णा आता हॉलपर्यंत चालत जातात. लॅपटॉप मात्र त्यांनी ठेवून घेतलाय. दुसरा ट्यूनर लावायचा आहे, म्हणजे दोन वेगळ्या गठ्ठ्यांतले चॅनेल एकदम चालतील. त्याआधी खांबाला अर्थिंग. ते मेच्या वळवाच्या आधी झालंच पाहिजे.